भिजत घोंगडी: अर्धवट राहिलेले गेम पाच जणांनी मिळून संपवण्याचा नऊ महिन्यांचा अनुभव

‘हॉलो नाइट’ या व्हिडिओ गेममध्ये बाकावर बसले की प्रगती जतन होते. माझे पात्र त्यातल्या सिटी ऑफ टिअर्स या पावसाळी शहरातल्या एका बाकावर दोन वर्षे बसून होते. त्या काळात मी तो सेव्ह, म्हणजे जतन केलेला खेळ, तीनदा उघडला, तिन्ही वेळा दहा-पंधरा मिनिटे पावसात इकडेतिकडे उड्या मारल्या आणि गेम बंद केला. कोणी विचारले की वेळ मिळत नाही असे मी सांगत आले; मात्र त्याच दोन वर्षांत मी सेलमध्ये आणखी सहा गेम घेतले, त्यांतले चार सुरू केले आणि चारही अर्ध्यावर टाकले, तेव्हा वेळेचे कारण माझे मलाच पटेनासे झाले होते. माझा थोरला भाऊ आणि तीन मित्रमैत्रिणी यांचीही अवस्था वेगळी नव्हती. नऊ महिन्यांपूर्वी आम्ही पाच जणांनी ही भिजत पडलेली घोंगडी एकत्र बसून निस्तरायचे ठरवले. नव्याचे नऊ दिवस केव्हाच सरले आहेत, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

आमची पद्धत साधी आहे. एक सामाईक स्प्रेडशीट असून तिच्यात प्रत्येक अर्धवट गेमसाठी एक ओळ आहे. गेमचे नाव, कुठे थांबलो, का थांबलो, अंदाजे किती तास उरले आणि सध्याची स्थिती असे तिचे स्तंभ आहेत. आठवड्यातून एकदा अडीच तास आम्ही डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर जमतो. एक जण स्क्रीन शेअर करतो आणि बाकीचे आपापला गेम खेळत ऐकतात किंवा नुसते बघत बसतात. एका वेळी प्रत्येकाचा एकच गेम ‘चालू’ असतो आणि तो संपल्याशिवाय किंवा सोडल्याचे जाहीर केल्याशिवाय नवा उघडायचा नाही, हा एकमेव कडक नियम आहे. तासांचा अंदाज आम्ही ‘हाउ लाँग टू बीट’ या संकेतस्थळावरून घेतो. तिथे फक्त मुख्य कथा, कथेसोबत इतर मोहिमा आणि सगळेच्या सगळे असे तीन वेगळे आकडे मिळतात. ‘द विचर 3’ची मुख्य कथा साधारण 50 तासांची आणि ‘पर्सोना 5’ची 100 तासांच्या आसपासची आहे हे एकाखाली एक लिहिलेले पाहिले, तेव्हा आमच्या महत्त्वाकांक्षेला पहिल्याच दिवशी चाप बसला. सुरुवातीला पाच जणांचे मिळून 43 गेम होते. आज त्यांतले 17 संपले आहेत, 11 रीतसर सोडले आहेत आणि 15 उरले आहेत.

या सगळ्यात खरे काम कोणत्या गोष्टीने केले, असे मला विचारले तर मी ‘कुठे थांबलो’ या स्तंभाकडे बोट दाखवीन. आठवड्याची बैठक, एकमेकांचा धाक, चढाओढ यांचा वाटा त्या मानाने किरकोळ आहे. अर्धा राहिलेला गेम पुन्हा हाती घेताना आळस आडवा येत नाही, विसर आडवा येतो. पात्राचे सामर्थ्य, पैसे, हत्यारे हे सारे सेव्ह फाइल जपून ठेवते. पण आपण कुठे निघालो होतो, कोणावर संशय होता, कोणत्या बटणाने काय होते, हे सारे खेळणाऱ्याच्या डोक्यात असते आणि ते जतन करणारा बाक कुठेच नसतो. 2019 साली आलेल्या ‘आउटर वाइल्ड्स’ या अंतराळातल्या शोधमोहिमेच्या गेममध्ये तर ही गोष्ट टोकाला जाते. तिथे 22 मिनिटांचे कालचक्र पुन्हा पुन्हा सुरू होते, पात्राला नवे हत्यार किंवा नवी शक्ती मिळत नाही, आणि वाढते ती फक्त आपली माहिती. यानातल्या नोंदवहीत सापडलेले दुवे दोऱ्यांनी जोडून दाखवलेले असतात, त्यामुळे काय कळले आहे ते तिथे वाचता येते. पण त्यावरून आपण कोणता तर्क बांधला होता, हे ती नोंदवही कशी सांगणार? म्हणून आता बैठक संपताना प्रत्येक जण आपापल्या ओळीत दोन वाक्ये लिहितो, आणि ती उद्याच्या स्वतःला उद्देशून न लिहिता दुसऱ्याला समजतील अशी लिहायची असतात. हा बारकावा आम्हाला दुसऱ्या महिन्यात सुचला. स्वतःसाठी लिहिले की माणूस ‘तो पूल, डावीकडे’ एवढेच लिहून मोकळा होतो आणि तीन आठवड्यांनी कोणता पूल म्हणून डोके धरून बसतो.

‘हॉलो नाइट’ उघडला त्या संध्याकाळी मी स्क्रीन शेअर केली होती. नकाशा काढला तर मी नेमकी कुठे आहे हे त्यात दिसेना, आणि माझ्या आठवणीप्रमाणे ते पूर्वी दिसत असे. एका मैत्रिणीने चार्म्सची, म्हणजे पात्राला वेगवेगळे गुण देणाऱ्या ताईतांची, यादी उघडायला लावली, तेव्हा उलगडा झाला. आपले स्थान दाखवणारा वेवर्ड कंपास दोन वर्षांपूर्वी मीच काढून ठेवला होता, बहुधा एखाद्या बॉसशी, म्हणजे बड्या शत्रूशी, लढताना दुसऱ्या चार्मला जागा करून देण्यासाठी. चार्म बाकावर बसूनच बदलता येतात आणि मी बाकावरच होते, म्हणून तो तिथल्या तिथे पुन्हा लावता आला. मग प्रश्न आला की जायचे कुठे. दादा थोडा वेळ गप्प होता, नंतर म्हणाला, “अगं, सोल मास्टरला हरवलंयस ना तू? मग खाली दाबून स्पेल टाक बघू.” मी टाकला, पात्र हवेतून जमिनीवर आदळले आणि सोल मास्टर या बॉसला हरवल्यावर मिळणारी ही शक्ती आपल्याकडे आहे हे मला दोन वर्षांनी नव्याने कळले. तिने कच्ची जमीन फुटते. स्टॅग या प्रवासाच्या मोठ्या किड्यावर बसून फरगॉटन क्रॉसरोड्स या आधीच्या भागात परत गेले, पूर्वेकडच्या एका जमिनीवर आदळले आणि खाली क्रिस्टल पीक या नव्या भागाची वाट उघडली. हे सगळे वीस मिनिटांत झाले. त्यानंतरचे जवळपास तीस तास मी एकटीने, कोणाच्याही मदतीशिवाय खेळले. मला गटाची गरज होती ती फक्त त्या वीस मिनिटांपुरती.

सर्वांनी मिळून एकच गेम खेळण्याचा प्रयोग आम्ही दोनदा केला. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’मध्ये तो अपेक्षेपेक्षा कितीतरी चांगला जमला. 1803 मध्ये बेपत्ता झालेले एक जहाज चार वर्षांनी रिकामे परत येते आणि विमा तपासनीस म्हणून आपल्याला त्यावरच्या 60 जणांपैकी प्रत्येक जण कोण होता आणि त्याचे काय झाले, ते ओळखून नोंदवायचे असते. तीन जणांची नोंद पूर्णपणे बरोबर आली की मगच गेम तिला दुजोरा देतो, त्यामुळे अंदाजपंचे भरून भागत नाही. एकाच्या हातात कंट्रोलर, एकीकडे माणसांच्या चित्रांची टिपणे, एकाचे कान फक्त बोलण्याच्या ढबीकडे, अशी कामाची वाटणी आपोआप झाली. माझ्या एकटीच्या सेव्हमध्ये जेमतेम नऊ नावे लागली होती. ती पाटी पुसून आम्ही नव्याने सुरुवात केली आणि चार बैठकांत साठच्या साठ लावली.

याउलट ‘आउटर वाइल्ड्स’ एकत्र खेळणे फसले. एका मित्राने तो आधीच संपवला होता. तो काही फोडणार नाही असे त्याने कबूल केले होते आणि त्याने खरोखर एकही शब्द उच्चारला नाही. मात्र आम्ही योग्य ग्रहाकडे वळलो की त्याच्या माइकमधून एक बारीकसा ‘हं’ ऐकू येई, आणि चुकीच्या दिशेला गेलो की त्याची शांतता इतकी सभ्य असे की तीही उत्तरासारखीच वाटे. दोन बैठकांनंतर आम्ही त्याला सन्मानपूर्वक माइक बंद ठेवायला लावले, तर तो म्यूट झाल्याच्या वेळांवरून तर्क सुरू झाले. ज्या गेमची सारी गंमत शोध लागण्यात आहे तो ज्याने संपवला आहे, त्याने त्या वेळेपुरते खोलीत नसावे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. तो गेम आता मी पुन्हा एकटीने खेळते आहे.

‘संपवला’ म्हणजे नेमके काय, यावर आमचे सर्वांत जास्त वाद झाले. श्रेयनामावली दिसली की गेम संपला अशी व्याख्या आम्ही आधी केली, पण ‘निअर: ऑटोमाटा’मध्ये ती पहिल्यांदा दिसते तेव्हा बरीच मोठी कथा अजून शिल्लक असते, आणि ‘हेडीज’मध्ये ती दिसण्यासाठी पाताळातून दहा वेळा यशस्वीपणे बाहेर पडावे लागते. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मधल्या नकाशाभर लपवलेल्या 900 कोरोक बिया गोळा केल्याशिवाय तो संपला म्हणायचे नाही, असा आग्रह धरणाऱ्या सदस्याला आम्ही हात जोडले. ‘सेलेस्ट’ या डोंगर चढण्याच्या गेममध्ये असिस्ट मोड आहे. त्यात गेमचा वेग कमी करता येतो, हवेतली झेप हवी तितक्या वेळा घेता येते, पात्राला अमरही करता येते. तो वापरून शिखर गाठले तर ते धरायचे का, यावर एक अख्खी बैठक खर्ची पडली. धरायचे असे ठरले, आणि ते योग्यच होते असे मला वाटते. मनगट दुखावलेली आमची एक मैत्रीण त्या सोयीमुळेच तो गेम पूर्ण करू शकली. शेवटी व्याख्या एवढीच उरली की ज्याचा गेम त्याने सांगायचे, आणि इतरांनी एकदा ‘नक्की?’ असे विचारायचे.

तिसऱ्या महिन्यात एक गोंधळ आम्हीच ओढवून घेतला. स्प्रेडशीटच्या वरच्या कोपऱ्यात कोणीतरी प्रत्येकाच्या संपलेल्या गेमचा आकडा दिसेल अशी सोय केली. त्या महिन्यात सहा गेम संपले आणि आम्ही खूश झालो. मग लक्षात आले की सहाही तीन ते पाच तासांचे होते, आणि ‘पोर्टल’ तर दोघांनी यादीत नव्याने घालून संपवला होता. 2007 चा तो गेम उत्तम आहे यात शंका नाही, पण तो कोणाचाही अर्धवट नव्हता. आकडा काढून टाकला आणि ‘विचर’ पुन्हा जागा झाला.

त्याच ‘विचर’ने सर्वांत मोठा फटकाही दिला. माझा लॅपटॉप काही दिवस इंटरनेटशिवाय होता. तो जोडल्यावर सेव्ह इंटरनेटवर जपून ठेवणाऱ्या क्लाउड सेवेने कोणती प्रत ठेवायची असे विचारले, आणि मी घाईत जुनी निवडली. चौदा तास गेले. नोव्हिग्राड शहरात पोचलेली मी पुन्हा त्याआधीच्या व्हेलेन भागाच्या चिखलात उभी होते. त्या रात्री माझ्या लेखी तो गेम सोडल्यातच जमा होता. पण त्या गेमचे सेव्ह साध्या फायली म्हणून एका फोल्डरमध्ये असतात, आणि एका मित्राकडे जवळपास त्याच टप्प्यावरचा सेव्ह होता. त्याने तो पाठवला, मी माझ्या फोल्डरमध्ये ठेवला आणि तो चाललाही. त्यानंतरचे काही तास मात्र विचित्र गेले. नायक गेराल्टची दाढी मी ठेवत असे त्यापेक्षा बरीच वाढलेली होती, ग्वेंट या गेममधल्या पत्त्यांच्या खेळातले पत्ते माझ्यापेक्षा चांगले होते आणि बॅरन या सरदाराच्या प्रकरणात त्या मित्राने माझ्या नेमका उलट निर्णय घेतला होता. एका संवादात त्या निर्णयाचा उल्लेख आला, तेव्हा मी कॉलवर त्याला म्हणाले, “अरे, हे तू काय करून ठेवलंयस?” तो म्हणाला, “मला तेव्हा तेच बरोबर वाटलं होतं.” दुसऱ्याच्या निवडींचे ओझे घेऊन मी तो गेम शेवटपर्यंत नेला, आणि माझ्या मूळ सेव्हमध्ये तो इतका लक्षात राहिला असता की नाही याची मला शंका आहे. आता बैठकीआधी सेव्हचे फोल्डर वेगळीकडे कॉपी करून ठेवणे आम्हा सर्वांच्या अंगवळणी पडले आहे.

गेम सोडण्याबाबतही लिहायला हवे, कारण सोडलेल्या 11 गेमचे मला संपलेल्या 17 गेमइतकेच समाधान आहे. सोडताना तीन वाक्यांत कारण लिहायचे, एवढीच अट आहे. ‘रेड डेड रिडेम्प्शन 2’ची कथा सहा प्रकरणांची आणि त्यावर दोन भागांच्या उपसंहाराची, मी तिसऱ्या प्रकरणात थांबले. कारण लिहायला बसले तेव्हा कळले की मला त्यात शिकार करणे, मासे पकडणे आणि सावकाश घोडा हाकत फिरणे एवढेच आवडत होते, आणि कथा पुढे सरकली की नायकाची टोळी पूर्वीसारखी राहणार नाही हे उघड दिसत होते. म्हणजे कंटाळून सोडला असे नव्हे, तो मला हवा तेवढा मिळून झाला होता. हे लिहिण्याआधी चार वर्षे तो गेम माझ्या यादीत अपराधासारखा बसला होता.

जाच नाही असे नाही. बैठकीच्या दिवशी थकवा असला की गेम हा गृहपाठ वाटतो, आणि दोन-तीनदा मी केवळ आपली ओळ कोरी राहू नये म्हणून खेळले, ते तास वाया गेले. कन्सोलवर खेळणाऱ्याला सेव्हची अशी देवाणघेवाण सहसा करता येत नाही. पाचांहून अधिक माणसे असती तर स्क्रीन शेअर करण्याची पाळी आणखी लांबली असती, त्यामुळे सहावा सदस्य घेण्याचा विषय आम्ही दोनदा टाळला. ज्यांना गेममध्ये पूर्ण एकांत हवा असतो किंवा जे मुख्यतः ऑनलाइन सामने खेळतात, त्यांना या व्यवस्थेचा फारसा उपयोग नाही. कथा असलेले मोठे गेम मध्येच टाकणाऱ्यांनी मात्र निदान दोघांत तरी ही करून पाहावी.

माझ्या यादीत आता तीन गेम उरले आहेत. ‘आउटर वाइल्ड्स’च्या ओळीत परवा मी लिहिले आहे: “ब्रिटल हॉलो ग्रहाच्या खालच्या वस्तीपर्यंत पोचले, परतताना पडले. पुढच्या वेळी आधी नोंदवहीतल्या प्रश्नचिन्हांकडे बघायचे.” त्याखाली त्या मित्राने, ज्याला आम्ही खोलीबाहेर ठेवले आहे त्याने, फक्त एक पूर्णविराम टाकला आहे, आणि मी तेव्हापासून त्याचा अर्थ लावते आहे.