‘ओरिजिनल आर्टिस्ट’ म्हणजे ओरिजिनल गाणं नव्हे

चार सीडी, शंभर गाणी, जुन्या अमेरिकन कंट्री म्युझिकचा बॉक्स सेट. कव्हरवर गिटार, घोडा आणि ठळक अक्षरात ‘ओरिजिनल हिट्स बाय ओरिजिनल आर्टिस्ट्स’. हँक विल्यम्स, पॅट्सी क्लाइन, जॉनी कॅश, जॉर्ज जोन्स, लोरेटा लिन सगळे एका खोक्यात मिळतायत म्हटल्यावर मी फार विचार न करता ऑर्डर टाकली, आणि तिथेच फसलो.

पहिल्या सीडीवर कॅशचं ‘आय वॉक द लाइन’ लागलं आणि पाच सेकंदात कान टवकारले. मूळ गाणं १९५६ चं, मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सचं. त्यात ड्रमर नाहीच. कॅशने स्वतःच्या गिटारच्या तारांमध्ये कागद अडकवला आणि त्यातून जो खरखरीत ठेका निघतो त्यावर अख्खं गाणं आगगाडीसारखं पळतं. आणि कडव्याआधी तो जे ‘हम्म्म’ करतो ना ते स्टाईल मारायला नाही, पट्टी बदलत जाते म्हणून बिचारा पुढचा सूर पकडत असतो. या बॉक्समध्ये मात्र मागे नीटनेटके ड्रम, वाद्यं स्टिरिओत डावी-उजवीकडे वाटलेली, आवाज कॅशचाच पण चांगला वयस्कर. गाणं तेच, माणूस तोच, पण जीवच नाही हो त्यात.

मग खोकं उलटं करून बघितलं तर बारकोडच्या शेजारी मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलंय, काही गाणी मूळ कलाकारांनी पुन्हा रेकॉर्ड केलेली आहेत. काही म्हणजे कुठली? ते नाही. कुठल्या वर्षी? तेही नाही.

तर भानगड अशी असते की मूळ टेपची मालकी कंपनीकडे असते, गायकाकडे नाही. गायक दुसऱ्या कंपनीत गेला की तीच हिट गाणी तिथे परत गातो, आणि स्वस्तातले कलेक्शन काढणारे बऱ्याचदा ही दुसरी टेप घेतात कारण ती कमी पैशात मिळते. कॅश १९५८ मध्ये सन सोडून कोलंबियाकडे गेला आणि १९८८ मध्ये मर्क्युरीसाठी त्याने स्वतःची जुनी गाणी पुन्हा गायली. यात त्याची काही चूक नाही, गाणं त्याचंच आहे. माझा राग कव्हरवर आहे.

परत गायलेलं सगळंच टाकाऊ असतं असंही नाही बरं का. पॅट्सीने ‘वॉकिन आफ्टर मिडनाइट’ १९५७ मध्ये गाजवलं आणि १९६१ मध्ये निर्माता ओवेन ब्रॅडलीकडे परत गायलं, ते मला पहिल्यापेक्षा जास्त आवडतं, जरा सैल, जरा माहीतगार. या सेटमध्ये ते १९६१ चंच आहे, चालेल.

तिचं ‘क्रेझी’ मात्र अस्सल आहे आणि त्याच्यासाठी मी या सेटला अर्धा स्टार जास्त देतोय. गाणं विली नेल्सनचं, तेव्हा त्याला कोणी ओळखत नव्हतं. जून १९६१ मध्ये पॅट्सीचा कारचा मोठा अपघात झालेला, बरगड्या दुखत होत्या, वरचे सूर लागेनात, म्हणून वाद्यांची टेप आधी करून ठेवली आणि ती नंतर येऊन गायली. हे माहीत असल्यावर ती शब्द जरा मागे ठेवून गाते तिथे श्वास कुठे घेतेय ते आपण शोधायला लागतो. १९६३ च्या मार्चमध्ये विमान अपघातात गेली, त्यामुळे हे गाणं उतारवयात परत गायची वेळच आली नाही.

मला वाटलं, चला, जे लवकर गेले त्यांची गाणी तरी सुटली. कसलं काय! हँक विल्यम्स १ जानेवारी १९५३ ला गाडीच्या मागच्या सीटवर गेला, वय २९. त्याचं ‘आय अ‍ॅम सो लोन्सम आय कुड क्राय’ १९४९ चं, त्यात स्टील गिटारची ती रडकी मींड आणि मागे जवळजवळ रिकामी जागा, ती रिकामी जागाच तर गाणं आहे. इथे त्यावर व्हायोलिनचा ताफा चढवलाय. तो गेल्यावर १९६० च्या दशकात त्याच्याच रेकॉर्ड कंपनीने अशी सजावट करून गाणी परत विकली होती, त्यातलंच हे दिसतंय.

जॉर्ज जोन्सचं १९८० चं ‘ही स्टॉप्ड लव्हिंग हर टुडे’ मूळ आहे. मधे तो गाणं थांबवून नुसतं बोलतो ना, गाण्यातली ती त्याला शेवटचं बघायला आली वगैरे, तिथे मी दरवेळी हातातलं काम ठेवतो. लोरेटाचं ‘कोल मायनर्स डॉटर’पण ठीक.

माहितीपुस्तिका म्हणजे चार पानं, तीन फोटो, गीतकारांची नावंच नाहीत. कॅशचं ‘रिंग ऑफ फायर’ जून कार्टर आणि मर्ल किलगोरने लिहिलंय हे छापायला किती जागा लागली असती?

विक्रेत्याला कळवलं तर उत्तर आलं, ‘सर, आर्टिस्ट ओरिजिनलच आहेत.’ वेष्टन फाडल्यामुळे परतही घेत नाहीत. पाचपैकी अडीच. घेणार असाल तर आधी मागची बारीक अक्षरं वाचा आणि गाण्यापुढे वर्ष छापलं नसेल तर सरळ ठेवून द्या. चौथी सीडी मी अजून उघडलेली नाही.