जर्मनीचं ५८ युरोचं तिकीट: नऊ महिने रोज वापरल्यानंतर

मार्च ते नोव्हेंबर २०२५ असे नऊ महिने मी कामासाठी श्टुटगार्टला होते. घर हेस्लाख भागात, ऑफिस फायहिंगनला. पहिल्याच आठवड्यात ऑफिसातल्या एकाने सांगितलं, बाकी काही नंतर घे, आधी डॉइचलांड-टिकेट घे. तेव्हा घेतलं ते परत येईपर्यंत सोडलं नाही. आता जर्मनीला निघालेली ओळखीतली मुलं-मुली आणि त्यांचे आईवडील विचारतात की हे घ्यावं का, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

आधी कामाची माहिती. मी होते तेव्हा महिन्याला ५८ युरो पडत. मे २०२३ मध्ये सुरू झालं तेव्हा ४९ होते, जानेवारी २०२६ पासून ६३ झाले. एवढ्या पैशात देशभरातल्या शहर बस, ट्राम, भुयारी गाड्या, एस-बान म्हणजे तिथली लोकल, आणि प्रादेशिक रेल्वेगाड्या, सगळं दुसऱ्या वर्गात, कितीही वेळा. आयसीई, आयसी अशा लांब पल्ल्याच्या जलद गाड्या यात येत नाहीत. पीएमपीएमएलचा पास, लोकलचा पास, एसटीचा पास आणि देशातल्या सगळ्या पॅसेंजर गाड्या एकाच कार्डावर चालल्या तर कसं होईल, तसं हे आहे. तिकीट नावावर असतं, दुसऱ्याला देता येत नाही, आणि तपासनीस ओळखपत्र मागू शकतो. फोनवर घेता येतं किंवा चिपच्या कार्डावर. मी दोन महिन्यांनी कार्डावर गेले, कारण थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरायची. स्टेशनवर आपल्या मेट्रोसारखी गेटं नसतात. थेट चढायचं. पण तपासणी होते, आणि तिकीट नसेल तर ६० युरो दंड.

पैशाचं म्हणाल तर ऑफिसला एकदा जायचं सुटं तिकीट काढलं असतं तर तीन युरोंच्या वर गेलं असतं. म्हणजे नऊ-दहा दिवस ऑफिसला जाऊन आलं की तिकीट वसूल. मार्च-एप्रिल मी फोनमध्ये चक्क नोंद ठेवली होती: आज दोन फेऱ्या, आज चार, रविवारी ट्युबिंगन जाऊन-येऊन. महिनाअखेरीला बेरीज करायची आणि किती वाचले ते घरी फोनवर सांगायचं. मे महिन्यात कधीतरी ती नोंद थांबली. ठरवून थांबवली नाही, आठवणच राहिली नाही. आणि तिथून पुढे मला हे तिकीट खऱ्या अर्थाने कळलं.

आपण एरवी बाहेर पडताना मनात एक हिशोब चालू असतो. एवढ्याशा कामासाठी कशाला जायचं, जातोच आहोत तर अजून दोन कामं करून येऊ, नुसतं बघायला जाऊन काय करायचं. तो हिशोबच सुटतो. पाऊस थांबला म्हणून दोन स्टॉप आधी उतरायचं. बाजार दिसला म्हणून उतरायचं, कोथिंबिरीची जुडी घ्यायची, मागची ट्राम पकडायची. बाड कानश्टाटला कारंज्यातून जमिनीतलं खनिज पाणी वाहतं, ते चाखायला एका संध्याकाळी ऑफिसातून परस्पर गेले. चव लोखंडाच्या डबीत ठेवलेल्या मिठासारखी. तिथली म्हातारी माणसं बाटल्या भरून नेतात. मी एक ओंजळ प्यायले आणि पुढच्या गाडीने घरी आले.

सकाळ ब्रेट्सेलने, म्हणजे गाठ मारल्यासारख्या आकाराच्या खारट पावाने, सुरू व्हायची. ट्रामच्या स्टॉपजवळ बेकरी होती, सात वाजता तिथे सहा-सात माणसांची रांग. श्वेबिश ब्रेट्सेलचं पोट जाड असतं, त्यावर आडवी चीर पडून आतला पांढरा गर दिसतो, आणि हात बारीक, कुरकुरीत असतात. भाजण्याआधी तो सोड्याच्या क्षाराच्या पाण्यातून काढतात, त्याने वरची साल तांबूस-तपकिरी होते आणि तो वेगळाच खमंग वास येतो. बटर-ब्रेट्सेल मागितला की बाई मधून आडवा कापून थंड लोण्याचा जाड थर लावते. लोणी वितळलेलं नसावं, दातांना लागलं पाहिजे. मिठाचे मोठे खडे कागदी पिशवीत गळतात, ते शेवटी बोटाने टिपून खायचे. बेकरीतल्या बाईला मी पहिले दोन महिने बोट दाखवून सांगायचे. मग एक दिवस माझी पाळी आली, तिने वर बघितलं आणि म्हणाली, "वी इमर?" नेहमीचंच ना? मी त्या दिवशी ट्राममध्ये बसून आईला फोन केला. परक्या गावात कोणाला तरी आपलं नेहमीचं काय ते माहीत झालं, याचा आनंद मला फार झाला होता.

घराजवळच, ज्युडहाइमर प्लात्सला, एक केबलवर चालणारी छोटी रेल्वे आहे. १९२९ सालची. खालच्या स्टेशनातून वर जंगलातल्या दफनभूमीपर्यंत जाते, चार मिनिटांचा प्रवास. दोन डबे, एक वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, मधोमध एकमेकांना ओलांडतात. हिच्यातही हेच तिकीट चालतं. गावातले लोक तिला गमतीने 'वारसा लाटणाऱ्यांची एक्सप्रेस' म्हणतात. जूनमध्ये आई दोन महिन्यांसाठी आली, तेव्हा दुसऱ्याच दिवशी तिला तिथे नेलं. ती बाकावर बसली, बाकाच्या पाठीवरून हात फिरवला, मग चष्मा काढून लाकडाजवळ डोळे नेले.

"अगं, हे सागवान आहे."

मला वाटलं तिचा अंदाज असेल. आईचं माहेर बल्लारशाचं, आजोबा लाकडाच्या डेपोत कामाला होते, सागाच्या राशींवर खेळून ती मोठी झाली. तिने चालकाला विचारायला लावलं. मी माझ्या मोडक्या जर्मनमध्ये विचारलं. तो म्हणाला, हो, टीक, मूळचंच. त्याने तिला पुढे बोलावलं आणि काचेशेजारी उभं राहू दिलं. ते डबे जवळजवळ शंभर वर्षं तसेच चालू आहेत, पितळेच्या मुठी घासून घासून सोनेरी झाल्या आहेत. वर पोचेपर्यंत आईचा हात त्या लाकडावरून निघाला नाही.

वरची दफनभूमी म्हणजे खरं तर जंगलच. बॉश कंपनीचे संस्थापक रॉबर्ट बॉश तिथे आहेत, पश्चिम जर्मनीचे पहिले राष्ट्राध्यक्ष थेओडोर हॉइस तिथे आहेत, पण आईला लक्षात राहिल्या त्या पाण्याच्या झाऱ्या. नळाशेजारी ओळीने टांगलेल्या असतात. कोणीही घ्यायची, भरायची, आपल्या माणसाच्या थडग्यावरच्या फुलांना पाणी घालायचं, परत आणून टांगायची. एक आजोबा पाणी घालून झाल्यावर शेजारच्या, कोणी न आलेल्या थडग्यालाही उरलेलं पाणी घालून गेले. त्यानंतर आई एकटीने तिथे जायला लागली. तिला जर्मन येत नव्हतं आणि इंग्रजी जेमतेम, पण तिच्या नावाचं कार्ड पर्समध्ये होतं. पैसे मोजायचे नाहीत, मशीनची बटणं दाबायची नाहीत, गाडी चुकीची निघाली तर पुढच्या स्टॉपला उतरायचं. आईवडिलांना महिनाभर किंवा जास्त बोलावणार असाल तर फक्त एवढ्या एका गोष्टीसाठी घ्या. मी ऑफिसात असताना ती घरात बसून राहिली नाही.

दुसरी एक गाडी मला फार आवडायची, मारियनप्लात्सहून डेगरलोखला चढणारी दातेरी रुळांवरची ट्राम, तिला सगळे त्साके म्हणतात. १८८४ पासून आहे. रुळांच्या मध्ये दाते, गाडीच्या चाकाचे दाते त्यात अडकून गाडी चढ चढते. डब्याच्या पुढे सायकलींसाठी उघडी गाडी जोडलेली असते. मुलं सायकली त्यात लावून वर जातात आणि जंगलातून उतरत खाली येतात, पुन्हा वर. वर जाताना उलट्या तोंडाने बसायचं, म्हणजे अख्खं गाव हळूहळू पायाखाली उलगडत जातं.

रविवारचं सांगितलं पाहिजे. पहिले तीन रविवार मी वैतागले होते. सगळी दुकानं बंद. एक डझन अंडी विसरलात तर सोमवारपर्यंत थांबा. रविवारची सुट्टी तिथे राज्यघटनेने राखलेली आहे, १९१९ च्या वायमार घटनेतलं कलम आजच्या घटनेत तसंच्या तसं घेतलं आहे. पण रविवारी सकाळी नऊच्या गाडीत बसून बघा. काठ्या घेतलेली जोडपी, सायकली, चिखलाळलेले बूट, बाकाखाली पाय पसरून झोपलेली कुत्री. दुकान नाही म्हणून सगळं गाव डोंगरावर निघालेलं. तिकीट हातात होतं म्हणून मीही निघू लागले.

यातला माझा सगळ्यात आवडता प्रवास उल्मचा. जलद गाड्या २०२२ च्या डिसेंबरपासून नव्या मार्गाने, बोगद्यांतून जातात. आपलं तिकीट त्यांच्यात चालत नाही, आणि हे आपलं भाग्य समजा. प्रादेशिक गाडी जुन्या मार्गाने प्लोखिंगन, ग्योपिंगन करत गाइसलिंगनला येते आणि तिथून घाट सुरू होतो. १८५० मध्ये खुला झालेला, १ : ४४.५ चा चढ. खाली गाव, लाल कौलं, उजवीकडे-डावीकडे झाडी, गाडी वळत वळत वर. जड मालगाड्यांना मागून इंजिन लावतात हे कळलं तेव्हा मी थेट कर्जतला पोचले. आपला बोरघाट १८६३ चा, चढ १ : ३७, म्हणजे याच्याहून खडा. लहानपणी कर्जतला बँकर, म्हणजे मागून ढकलणारं इंजिन, लागेपर्यंत वडापाव खायचा. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, मग इथे वडापाव कुठाय? मी पिशवीतून ब्रेट्सेल काढून दिला. उल्मच्या चर्चचा मनोरा १६१.५३ मीटर; आम्ही गेलो त्या जुलैत ते अजून जगातलं सर्वांत उंच चर्च होतं, ऑक्टोबरमध्ये बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाने तो मान घेतला. आई चौकात मान वर करून बराच वेळ उभी होती. मला मात्र त्या दिवसातला घाटच आठवतो.

आता त्रास. गाड्या उशिरा येतात, रद्दही होतात, आणि हे क्वचित घडत नाही. सप्टेंबरमध्ये एका रात्री परतीची शेवटची गाडी रद्द झाली, फलकावर एक ओळ आली आणि संपलं. दीड तास थंडीत थांबून बसने निम्मं अंतर आणि पुढे टॅक्सीने आले, टॅक्सीचे पैसे महिन्याच्या तिकिटापेक्षा जास्त गेले. या तिकिटावर उशीर झाला म्हणून आयसीईत बसायची मुभा नाही. तासाभराच्या उशिराला दीड युरो भरपाई आहे, पण ४ युरोंच्या खालची रक्कम देत नाहीत, त्यामुळे तीन उशीर जमवून अर्ज करावा लागतो. मी केला होता, मिळाले. म्हणून शेवटच्या गाडीवर कधीही भिस्त ठेवू नका, तिच्या आधीची पकडा. काही गाड्या मधल्या स्टेशनवर दोन तुकडे होऊन दोन दिशांना जातात. डब्यावरचं नाव वाचून चढा. मी एकदा चुकीच्या अर्ध्या गाडीत बसले होते.

रद्द करायचं असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेपर्यंत, नाहीतर पुढचा महिना लागतो. आईचं मी रद्द करायला विसरले आणि ऑगस्टचे ५८ युरो वाया गेले. महिना कॅलेंडरचा धरतात, त्यामुळे वीस तारखेला येऊन पुढच्या दहाला जाणाऱ्या पाहुण्याला फायदा नाही. लांबच्या प्रवासाला याचा हट्ट धरू नका. म्युनिकला उल्ममार्गे तीन तासांच्या पुढे लागतात, ते मी आनंदाने केलं, पण बर्लिन-हॅम्बुर्गला जलद गाडीचं तिकीट आधीच काढलेलं बरं. शिकायला जाणाऱ्यांनी विद्यापीठात चौकशी करा, बऱ्याच ठिकाणी हेच तिकीट ६० टक्के किमतीत मिळतं, म्हणजे तेव्हा महिन्याला ३४.८० युरो.

ऑक्टोबरमध्ये बसने उलबाखला गेले होते. द्राक्षमळ्यांचं गाव. शेतकरी दारावर केरसुणी टांगतात, म्हणजे घरची वाइन आणि जेवण तयार आहे. अशी घरं तेव्हा वर्षातून जास्तीत जास्त चार महिने उघडता येत आणि आत चाळीसच माणसं बसवता येत. लांब बाकावर अनोळखी माणसं सरकून जागा देतात. कांद्याची गरम पोळीसारखी पेस्ट्री मिळते, त्स्वीबलकूखन. शाकाहारी असाल तर आधी विचारा, बहुतेक वेळा त्यात डुकराच्या मांसाचे तुकडे असतात. मला बिनमांसाची मिळाली. शेजारच्या आजींनी माझ्या ताटलीत त्यांच्याकडची एक फोड ठेवली, आणि मी पुन्हा यावं म्हणून परतीच्या बसची वेळ कागदावर लिहून दिली.

३० नोव्हेंबर रविवार होता, पहिला अ‍ॅडव्हेंट, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांतला पहिला. संध्याकाळी एस-बानने एसलिंगनच्या नाताळच्या बाजारात गेले, गरम सफरचंदाचा रस प्यायले, रात्री अकराला घरी. तिकीट पहाटे तीनपर्यंत चालतं, पण माझं विमान दुसऱ्या दिवशी दुपारी होतं. सकाळी बॅगा ओढत स्टॉपवर आले आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा तिकीट मशीनसमोर उभी राहून विमानतळ कुठल्या झोनमध्ये येतो ते शोधू लागले.