एर्बियम फायबर रिंग लेझर: आठ महिने वापरल्यावर

तयार अरुंद लाइनविड्थचा, म्हणजे फ्रिक्वेन्सीचा पट्टा अगदी अरुंद असलेला लेझर आमच्या प्रयोगशाळेला परवडत नव्हता, म्हणून आठ महिन्यांपूर्वी 1550 नॅनोमीटरचा रिंग लेझर (फायबरच्या बंद कड्यात प्रकाश फिरत राहतो तो) आम्हीच जोडला. तेव्हापासून तो जवळजवळ रोज चालतोय.

एर्बियमला ऊर्जा देणारा 976 नॅनोमीटरचा पंप डायोड, प्रकाश वाढवणारं दीड मीटर एर्बियम फायबर (एर्बियम मिसळलेलं काचेचं फायबर), प्रकाश ठरलेल्या क्रमानं एका तोंडातून पुढच्या तोंडाकडे पाठवणारा सर्क्युलेटर, ठरावीक तरंगलांबीच परत पाठवणारं ब्रॅग ग्रेटिंग, 10 टक्के प्रकाश बाहेर काढणारा कपलर आणि पोलरायझेशन (प्रकाशाच्या कंपनाची दिशा) जुळवायचे पॅडल, मुख्य सामान एवढंच. सर्क्युलेटरमुळे प्रकाश एकाच दिशेनं फिरतो, म्हणून रिंगच्या आत वेगळा आयसोलेटर (प्रकाश उलटा येऊ न देणारा भाग) लागला नाही. बाहेरच्या टोकाचा आयसोलेटरही मी आधी वाचवला होता, ती मात्र चूक झाली. पुढच्या कनेक्टरवरून परत येणारा प्रकाश लेझरला अस्थिर करायचा. तिथे काटकसर करू नका.

कमाल आहे ती ग्रेटिंगच्या आधी जोडलेल्या, पंप न केलेल्या दोन मीटर एर्बियम फायबरची. रिंग साधारण 10 मीटरची, म्हणजे दर 20 मेगाहर्ट्झला एक मोड (रिंगमध्ये टिकू शकणारी एक फ्रिक्वेन्सी), आणि ग्रेटिंगच्या 0.1 नॅनोमीटरच्या पट्ट्यात असे सहाशे मोड सहज मावतात, हवा मात्र एकच. पंप न केलेल्या फायबरमध्ये जाणारा आणि परतणारा प्रकाश मिळून स्थिर तरंग तयार होतो. उजळ जागी एर्बियमचं शोषण कमी होतं, अंधाऱ्या जागी तसंच राहतं. चालू मोड असा स्वतःसाठीच दुसरं ग्रेटिंग कोरतो आणि शेजारच्या मोडना तोटा होतो. पंप फार वाढवला की ही नक्षी पुसली जाते, आणि फोटोडायोडवर (प्रकाश मोजणाऱ्या भागावर) 20 मेगाहर्ट्झचा बीट, म्हणजे दोन शेजारचे मोड एकत्र चालल्याची खूण, दिसू लागतो. म्हणून मी लेझर थ्रेशोल्डच्या, म्हणजे तो जेमतेम सुरू होतो त्या पंप पॉवरच्या, थोडंच वर चालवतो. पॉवर कमी मिळते, ते मला चालतं.

उन्हाळ्यात दर काही मिनिटांनी लेझर दुसऱ्या मोडवर उडी मारायचा. साहजिक आहे, ग्रेटिंगची तरंगलांबी दर अंशाला सुमारे 10 पिकोमीटर सरकते, म्हणजे सव्वा गिगाहर्ट्झ! अख्खी रिंग ॲल्युमिनियमच्या जाड पत्र्यावर चिकटवून थर्मोकोलच्या खोक्यात ठेवली, खाली फोम घातला. आता तासन्‌तास एकच मोड टिकतो. इतक्या स्वस्तात एवढा फरक दुसऱ्या कशानंच पडला नाही. पावसाळ्यात कनेक्टरनी त्रास दिला, तेव्हा रिंगमधले सगळे काढून स्प्लाइस केले, म्हणजे फायबरची टोकं वितळवून थेट जोडली.

लाइनविड्थचं मोजमाप 25 किलोमीटरच्या फायबर ड्रमवर, उसन्या 80 मेगाहर्ट्झ मॉड्युलेटरनं (फ्रिक्वेन्सी सरकवणारा भाग) केलं; लेझरचा प्रकाश त्याच्याच ड्रममधून उशिरा आलेल्या भागाशी ताडून पाहिला. आकडा काही किलोहर्ट्झ आला. पण या ड्रमचा विलंबच जेमतेम 122 मायक्रोसेकंद, इतक्या कमी विलंबात एवढी अरुंद लाइनविड्थ नीट मोजता येत नाही, त्यामुळे तो आकडा मी फक्त वरची मर्यादा मानतो.

पॅडल अजूनही रोज सकाळी थोडे फिरवावे लागतात. पुढची रिंग पोलरायझेशन राखणाऱ्या फायबरची करायची आहे, त्यासाठी पैसे जमवणं सुरू आहे, आधी सर्क्युलेटरसाठी.