डॉक्टरांना पाच स्टार, काउंटरला एक

आईच्या जिभेत अगदी मागे गाठ होती, तिचं ऑपरेशन दीड महिन्यापूर्वी इथे, या हॉस्पिटलमध्ये केलं म्हणून लिहितेय. आईला वीस वर्षांची मिश्रीची सवय, त्यामुळे गाठ म्हटल्यावर घरात सगळ्यांनी मनातल्या मनात कॅन्सर ठरवूनच टाकलेला. दुखत काहीच नव्हतं, फक्त भाकरीचा घास अडकतो म्हणायची आणि बोलताना तोंडात पानाचा तोबरा धरल्यासारखं वाटायचं.

डॉक्टरांनी बोटाने चाचपून, दुर्बिणीतून बघून सांगितलं की वर जखम नाही, गुळगुळीत आहे, ही चांगली लक्षणं, पण जिभेतल्या लाळग्रंथींच्या गाठी बऱ्याचदा वाईटच निघतात तेव्हा बायोप्सीशिवाय मी शब्द देत नाही. हे आवडलं मला, उगाच पाठीवर थाप नाही की घाबरवणं नाही. रिपोर्ट आला प्लिओमॉर्फिक ॲडेनोमा, म्हणजे साधी गाठ. ही जास्त करून कानाखालच्या लाळग्रंथीत होते, तोंडात झाली तर बहुतेक टाळूला, जिभेत क्वचितच. बाबा लगेच म्हणाले साधी आहे ना मग राहू दे की! तेव्हा डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे चित्र काढून दाखवलं, हिचं कवच सगळीकडे सलग नसतं म्हणून नुसती सोलून काढली आणि कणभर मागे राहिली तर परत येते, आजूबाजूचा थोडा चांगला भागही घ्यावा लागतो, आणि वर्षानुवर्षं तशीच ठेवली तर काहींची पुढे कॅन्सरमध्ये बदलते.

भुलीची नळी नाकातून, ऑपरेशन तोंडातूनच, बाहेर टाका नाही. नंतर गाठ दाखवली, आवळ्याएवढी, कापलेली बाजू पांढुरकी आणि मध्ये कुर्चेसारखी चकचकीत. बाबा म्हणे जिभेत हे कुठून आलं, तर डॉक्टर म्हणाले या गाठीत असं मिश्रणच असतं.

आता काउंटर. भरलेल्या वेटिंगमध्ये "ट्यूमरवाले पेशंट कोण" असं ओरडायचं असतं का हो? आई तिथेच रडायला लागली, तेव्हा बायोप्सीसुद्धा झाली नव्हती. बिलात एमआरआय दोनदा लावला होता, भांडल्यावर काढला. पार्किंग नाहीच, रिक्षाने जा.

पंधरा दिवस पेज आणि मऊ भात, मग दुधात कुस्करलेली भाकरी. आता ठेच्यासोबत खाते. मिश्रीची डबी मी लपवलीय, ती रोज शोधते.