ऑईल वरून ओढावं की खालून सोडावं?

माझ्याकडे दोन इंजिनं आहेत. एक देवबागला कर्ली खाडीत, फायबरच्या होडीमागे लटकलेलं ९.९ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड. दुसरं दारातल्या जुन्या डिझेल स्विफ्टमध्ये. दोन्हींचं ऑईल गेली सात-आठ वर्षं मी घरीच बदलतो. घरी बदलावं की गॅरेजात द्यावं, हा वाद इथे उकरत नाही. इतकं वाचलंत म्हणजे तुमच्यापुरता तो मिटलेला असणार. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑईल साठतं त्या भांड्याचा, नट खोलून ऑईल खालून सोडायचं, की डिपस्टिकच्या (ऑईल किती आहे ते बघायच्या पट्टीच्या) भोकात नळी घालून पंपाने वरून ओढायचं?

टू-स्ट्रोक इंजिनवाल्यांना यातलं काहीच लागत नाही. त्यांचं ऑईल पेट्रोलमध्येच मिसळलेलं असतं आणि जळून जातं. त्यांनी थेट शेवटचा गिअर ऑईलचा भाग वाचावा.

गाडीवर हात बसवलेला प्रत्येकजण खालूनच शिकतो. मीही तसाच शिकलो. वरून ओढण्याची पद्धत मी पहिल्यांदा पाहिली ती मच्छीमार बोटीवर. तिथे इंजिन इतकं खाली, बोटीच्या पोटात बसवलेलं असतं की चेंबरखाली डबा सरकवायलाही जागा नसते. म्हणून बऱ्याच मरीन डिझेल इंजिनांना बाजूलाच एक छोटा हातपंप असतो. दांडा मागे-पुढे करायचा, काळं ऑईल वर येऊन डब्यात पडतं. बोटीचे तांडेल, म्हणजे बोट चालवणारे काका, एका हाताने पंप मारत आणि दुसऱ्या हाताने विडी सांभाळत उभे होते. मी आदल्याच दिवशी गाडीखाली लोळून कोपरापर्यंत बरबटलो होतो. तो फरक तेव्हाच डोक्यात बसला होता. पण पंप घ्यायला मला पुढे तीन वर्षं लागली.

गाडीचं खालून सोडणं कसं असतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. आमचं अंगण जांभ्याचं आणि थोडं उताराचं. जॅकखाली फळी घातल्याशिवाय पावसाळ्यात तो रुततो. जॅकवर नुसती उचललेली गाडी म्हणजे यमाची पालखी, त्यामुळे दोन घोड्या (गाडी पेलून धरणारे लोखंडी स्टँड) लावल्याशिवाय मी डोकं आत घालत नाही. खालचं प्लास्टिकचं आवरण काढताना निदान एक क्लिप तुटते. नट शेवटच्या आट्यावर आला की तो बोटांनी फिरवायचा आणि झटकन हात मागे घ्यायचा. तरी गरम ऑईल मनगटावरून कोपराकडे वाहतंच. हे सगळं त्रासाचं खरं, पण असह्य नाही. माणूस वर्षातून एकदा-दोनदा सहन करतो. नुसत्या गाडीचा प्रश्न असता तर मी बहुधा अजूनही गाडीखालीच असतो.

माझा निर्णय झाला तो होडीच्या इंजिनामुळे, आणि खरं म्हणजे एका वायसरमुळे.

आउटबोर्डच्या मॅन्युअलमध्ये बहुधा असंच लिहिलेलं असतं: पहिलं ऑईल २० तासांनी, मग दर १०० तासांनी किंवा सहा महिन्यांनी. सीझनमध्ये होडी रोज चालली तर हे १०० तास बघता बघता भरतात. ऑईल सगळं मिळून लिटरभराच्या आसपास. इतक्याशा ऑईलचा त्रास किती होणार? तर ऑईल सोडायचा, ड्रेनचा बोल्ट असतो इंजिनाच्या पायाच्या, म्हणजे पाण्याकडे खाली उतरणाऱ्या दांड्याच्या बाजूला, आडवा. तो काढला की ऑईल सरळ धारेने पडत नाही. पायाला चिकटून, रंग काळा करत, प्रोपेलरपर्यंत ओघळत जातं. त्यासाठी मी दुधाच्या पिशवीची पन्हाळ करून चिकटपट्टीने लावत असे. तेही जमून जात होतं.

बोल्टाखाली मात्र एक चपटा वायसर असतो. तो एकदा दाबला गेला की त्याचं काम संपलं, प्रत्येक वेळी नवा घालायचा असतो. ऑक्टोबरातली गोष्ट. पावसाळ्यात शाकारून ठेवलेली होडी उतरवली होती, दिवाळीची माणसं यायला आठवडा होता. बोल्ट खोलला तेव्हा लक्षात आलं की डबीतले वायसर संपलेत. जुनाच पुसून लावला. रात्रीत बोल्टाखाली एक थेंब. थोडं आवळलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा थेंब. ॲल्युमिनियमच्या आट्यांवर याहून जोर लावायची माझी छाती झाली नाही. आटे ओढले गेले तर पंधरा-वीस रुपयांच्या वायसरपायी अख्खा सीझन गेला असता.

मालवणच्या हार्डवेअर दुकानात तांब्याच्या वायसरांनी भरलेला ट्रे समोर आला. भोक बरोबर बसेल असा एक मिळाला, पण बाहेरून तो जरा मोठा होता. कानशीने घासून बसवला. तांबं तापवलं की मऊ होतं, म्हणून स्वयंपाकघरात गॅसवर चिमट्यात धरून लाल केला. ‘अहो, चहाच्या शेगडीवर काय भाजताय ते?’ हा प्रश्न आला, उत्तर मी दिलं नाही. चार दिवस सगळं कोरडं राहिलं. पाचव्या दिवशी, होडीत सहा पाहुणे बसलेले असताना, पाण्यावर हातभर रंगीत तवंग दिसला. ओहोटी होती आणि पलीकडे खुबे (शिंपल्यांतली एक जात) काढायला बायका उतरलेल्या. त्यांतली एक कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘आमच्या खुब्यांका तुझ्या इंजिनाचो वास मारतलो!’ ती मस्करी करत होती की चिडली होती ते कळलं नाही, पण तिचं म्हणणं बरोबर होतं. खाडी काय माझ्या एकट्याची आहे? कंपनीचे वायसर गोव्याहून यायला आठ दिवस गेले, आणि पार्सलचा खर्च मालापेक्षा जास्त झाला.

त्या आठ दिवसांत मी एकच हिशोब मांडत होतो. बोल्ट काढलाच नाही, तर वायसर लागणारच नाही.

वरून ओढण्याचा पहिला प्रयोग अगदीच गावठी होता. गुरांच्या औषधांच्या दुकानातून मोठी सिरिंज आणली, तिला सलाईनची नळी जोडली आणि ती डिपस्टिकच्या भोकातून तळापर्यंत घातली. लिटरभर ऑईल सिरिंजने काढता येतं, फक्त खेपा मोजायच्या नाहीत. सलाईनची नळी गरम ऑईलमध्ये शेवयांसारखी मऊ पडून चिकटली, तेव्हा कडक नळी घेतली. पुढे १२ व्होल्टचा स्वस्त पंप आणला आणि पस्तावलो. त्याची नळी आउटबोर्डच्या भोकात जातच नव्हती, आणि ऑईल जरा थंड झालं की तो नुसता घुरघुरत बसायचा. आता आहे तो हाताने हवा ओढून पोकळी करायचा डबा. वीस-पंचवीस वेळा दांडा मारायचा आणि बाजूला जाऊन बसायचं. त्याची किंमत दोन-तीन सर्व्हिसिंगच्या मजुरीत सुटली, निदान माझी तरी.

ऑईल कोमट हवं, हे मात्र दोन्ही पद्धतींत सारखंच. गाडीला ते सोपं, बाजारात एक फेरी मारून आलात की झालं. आउटबोर्ड कोरडं सुरू करायचं नाही. पाणी फिरवणारा रबरी इंपेलर पाण्यावाचून काही क्षणांत जळायला लागतो. मी पिंपात गोडं पाणी भरून त्यात इंजिनाचा पाय बुडवतो आणि दहा मिनिटं चालवतो. आतलं खारं पाणी धुवून निघतं ते वर. ओढताना इंजिन उभं ठेवायचं. नळी तळाला टेकली की बोटांना कळतं. मग ती थोडी वर-खाली, थोडी फिरवून बघायची, कारण कधीकधी ती आत वळते आणि अर्ध्यावरूनच हवा ओढू लागते.

आता आक्षेपाकडे येतो. कुडाळच्या ज्या मिस्त्रींकडून मी बरंच शिकलो, त्यांना हा प्रकार मुळीच पटलेला नाही. त्यांच्या मते वरून ओढलं की तळचा गाळ तळाशीच राहतो. त्यांच्याशी वाद घालण्याइतका मी मोठा नाही. पण आजच्या ऑईलमध्ये काजळी आपल्यात धरून ठेवणारी रसायनं असतात. काजळी तळाशी बसत नाही, ऑईलबरोबरच बाहेर येते. निदान वेळेवर बदलणाऱ्याच्या इंजिनात तरी. आणि चेंबरमध्ये खरोखर चिखल साचला असेल तर एक नट काढून तो निघेल असंही नाही, त्याला चेंबरच उतरवावं लागतं.

तरी मनातला किडा जाईना, म्हणून एकदा स्विफ्टचं ऑईल वरून पूर्ण ओढल्यावर घोड्या लावून खालचा नटही खोलला. चहाच्या कपाचा तळ झाकेल एवढं ऑईल आलं. दुसऱ्या वेळी उलटं केलं. आधी खालून सोडलं, थेंब थांबेपर्यंत वाट बघितली, मग वरून नळी घातली. तेव्हाही थोडं ओढलं गेलं, म्हणजे नटाच्या भोकाच्या खालीही ऑईल राहतंच. हे एका गाडीवरचं आहे. तुमच्या इंजिनाचा चेंबर वेगळ्या आकाराचा असेल, आत पत्र्याचे आडोसे असतील, तर नळी सगळ्यात खोल जागी पोचणारही नाही. पहिल्यांदा निघालेलं ऑईल मापात ओतून बघा. मॅन्युअलमधल्या आकड्याच्या जवळपास आलं तर पुढे जा. अर्धा लिटर कमी भरत असेल तर तुमची गाडी नटवाली आहे असं समजा. तांडेल काकांचं मत एका वाक्यात आटपतं: ‘चोखून खाल्लो काय नि कापून खाल्लो काय, आंबो तो आंबोच.’

माझ्या स्विफ्टला हे जुळलं त्याला एक कारण आहे. तिच्यातलं १.३ लिटरचं डिझेल इंजिन मूळचं फियाटचं, एका काळात मारुती, टाटा आणि फियाट तिघांच्या गाड्यांत असायचं. त्याचा ऑईल फिल्टर कागदी काडतुसासारखा, पुढच्या बाजूला, बॉनेट उघडून वरूनच निघतो. म्हणजे खाली जायचं काहीच कारण उरत नाही. माझ्या भावाच्या पेट्रोल गाडीचा फिल्टर खालून काढावा लागतो. त्याच्यासाठी पंप म्हणजे अर्धं काम. गाडी उचलायचीच असेल, आवरण काढायचंच असेल, तर हातासरशी नटही खोलावा. त्याला मी पंप घ्यायला सांगितलं नाही. तो माझाच नेतो, आणि परत आणून देत नाही.

खालून सोडण्याच्या बाजूने खरा मुद्दा गाळाचा नाही असं मला वाटतं. मुद्दा आहे गाडीखाली जाण्याचा. आमच्या खाऱ्या हवेत गाडीला गंज खालूनच लागतो. ॲक्सलचा रबरी बूट (सांध्यातलं ग्रीस धरून ठेवणारं आवरण) फाटला असेल, सायलेन्सरची क्लिप खाल्ली असेल, घुशीने वायर कुरतडली असेल, तर ते वर बसून पंप मारणाऱ्याला दिसणार नाही. सलग दोन वर्षं मी फक्त वरूनच ऑईल बदललं आणि फाटलेला बूट मला वळणावरच्या कटकट आवाजाने कळला. तोवर ग्रीस उडून गेलं होतं आणि आत वाळू शिरली होती. तेव्हापासून दर तिसऱ्या वेळी मुद्दाम खाली जातो, नट खोलायचा नसला तरी. टॉर्च घेतो आणि दहा मिनिटं बघतो. पण हे गाडीचं झालं. होडी ओहोटीला वाळूवर बसली की तिचा तळ तसाही समोर येतो.

निघालेल्या ऑईलचं काय, हे दोन्हीकडे सारखंच. पंपात ते बंद डब्यात असतं, एवढा एक फायदा. आमच्याकडे जळकं ऑईल कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासायची जुनी सवय आहे, मीही फासलंय. आता मी ते कॅनमध्ये साठवून मिस्त्रींच्या पिंपात ओततो. तिथून जुनं ऑईल घेणारा नेतो. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं, आणि विहीर अंगणातच असली की कायद्याचीही गरज पडत नाही.

मग तुम्ही काय घ्यावं? फक्त गाडी असेल, फिल्टर खाली असेल आणि अंगण सपाट काँक्रीटचं असेल, तर पंपाचे पैसे घोड्यांच्या चांगल्या जोडीत घाला. होडी असेल तर पंपाला पर्याय मला तरी दिसत नाही. दोन्ही असतील तर तुम्ही होडीसाठी पंप घ्याल आणि सहा महिन्यांत तो गाडीजवळ सापडेल.

राहिलं गिअर ऑईल. आउटबोर्डच्या पायात, प्रोपेलरपाशी जे असतं ते. ते काही वरून निघत नाही. खालचा स्क्रू काढायचा, मग वरचा, म्हणजे हवा आत शिरते आणि ऑईल सुटतं. दुधाळ आलं तर सील गेलं आणि पाणी शिरलं असं समजायचं, होडी तशीच चालवायची नाही. भरतानाही वरून ओतायचं नाही. ट्यूब खालच्या भोकाला लावून, वरच्या भोकातून ऑईल डोकावेपर्यंत दाबत राहायचं, नाहीतर आत हवा अडकते. वरचा स्क्रू आधी लावायचा, मग ट्यूब काढून झटकन खालचा. आणि या दोन्ही स्क्रूंना वायसर असतात. माझ्या डबीत आता बारा आहेत.