सुंदरबनात 'मौल्यांसोबत मध काढायला चला' असं कुणी म्हणालं तर पैसे देऊ नका

गेल्या डिसेंबरात आम्ही दोन कुटुंबं पुण्याहून सुंदरबनला गेलो. एजंटने तीन गोष्टी लेखी दिल्या होत्या: व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातल्या गावात मुक्काम, मौल्यांबरोबर (जंगलातून मध गोळा करणाऱ्यांबरोबर) मध काढायला जंगलात जाणं आणि वनविभागाचा परवाना. सगळे पैसे आधीच यूपीआयने घेतले, तेही एका खासगी खात्यावर. तिन्ही थापा निघाल्या.

व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात गावच नाही. गोसाबा, बाली, सातजेलिया ही वस्तीची बेटं वेगळी, जंगलाची वेगळी, मध्ये नदी. मौले मधासाठी जंगलात शिरतात ते एप्रिल-मेच्या सुमारास, वनखात्याचा पास काढून. डिसेंबरात कुणी जात नाही. आणि पर्यटकाला उतरता येतं ते सजनेखाली, सुधन्यखाली, दोबांकी अशा कुंपण घातलेल्या ठिकाणीच.

गोदखालीच्या धक्क्यावरून बोट सुटली आणि 'परवान्याचे वेगळे' म्हणून रोख मागितली. कागद दाखवा म्हटल्यावर एक झेरॉक्स पुढे आली. तिच्यावर बोटीचं नाव भलतंच, तारीख पेनने गिरवलेली, आमच्यापैकी एकाचंही नाव नाही. खऱ्या परवान्यासाठी प्रत्येकाचं ओळखपत्र लागतं आणि बोटीवर वनविभागाचा नोंदणीकृत गाइड असावाच लागतो. आमच्या बोटीवर तो नव्हता, त्यामुळे दिवसभर वस्तीच्या कडेकडेने फिरवलं.

पण मला सगळ्यात जास्त चीड आली ती संध्याकाळी. एका अंगणात तीन बायकांना पांढऱ्या साड्या नेसवून बसवलं होतं. वाघाने नवरे मारले, मदत करा, म्हणत एजंटच्या माणसाने माणशी पाचशे रुपये गोळा केले. वाघाने मारलेल्यांच्या विधवा या भागात खरोखर आहेत. जंगलात विनापरवाना गेलेल्याचा जीव गेला की भरपाईसाठी घरच्यांना वर्षानुवर्षं हेलपाटे घालावे लागतात. त्यातली एक बाई थोडं हिंदी बोलायची. माझ्या बायकोने तिला बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा कळलं की तिला दर खेपेला शंभर रुपये मिळतात, बाकीचे कुठे जातात तिला माहीत नाही. तिचा नवरा मात्र खरंच वाघाने नेला होता.

त्याच अंगणात 'बनबीबीचा प्रसाद' म्हणून, म्हणजे तिथल्या जंगलाच्या रक्षणदेवीचा प्रसाद म्हणून, मधाच्या बाटल्या विकल्या. मध पाकासारखा घट्ट, बाटली उलटी केली तरी हलेना. सुंदरबनचा मध पातळ असतो, हलवला की वर फेस येतो. बनबीबीला तिथले हिंदू आणि मुसलमान दोघेही हात जोडल्याशिवाय जंगलात पाऊल टाकत नाहीत. तिचं नाव अशा मालावर चिकटवणं मला सहन झालं नाही.

तुम्ही जाणार असाल तर बोटीचं नाव आणि नोंदणी क्रमांक आधी मागा, परवान्यावर तोच आहे ना ते पाहा, बोटीवर चढण्यापूर्वी गाइडचं ओळखपत्र बघा. मदत द्यायची तर त्या बाईच्या हातात द्या. आमच्यासारखे ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा.

आमच्या बोटवाल्यालाही एजंटने अर्धंच भाडं दिलं होतं. त्याने ते आम्हाला लेखी दिलं आहे. तो कागद, ती झेरॉक्स आणि यूपीआयच्या पावत्या आम्ही तक्रारीला जोडल्या आहेत.