ऑडी टीटीला जुन्या ए-फोरचा आरसा, अठराशे रुपयात

माझी टीटी सेकंड हॅन्ड आहे. आतल्या ऑटो डिमिंग आरशाला खालच्या कडेने पिवळा डाग धरला आणि बघता बघता चहा सांडल्यासारखा अर्ध्या काचेवर पसरला. या आरशात दोन काचांच्या मधे जेल असतं, करंट मिळाला की ते गडद होतं आणि मागच्या गाडीचा लाईट डोळ्यात जात नाही. सील गेलं की तेच जेल बाहेर यायला लागतं, खाली टपकलं तर डॅशबोर्डची पण वाट लागते, म्हणजे चालढकल करून उपयोग नाही. नव्याचा भाव विचारला तर त्या पैशात चांगली जुनी ॲक्टिव्हा आली असती.

म्हणून जुना पार्ट शोधला. नाशिकच्या अंबड लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने 2017 ला हटवला, आता माल इकडेतिकडे विखुरलाय, मला द्वारकाच्या बाजूला एका छोट्या दुकानात कटिंगला, म्हणजे तोडून पार्ट विकायला गेलेल्या ऑडीच्याच ए-फोर गाडीचा मिळाला. शेठने अडीच हजारापासून सुरुवात केली, अठराशेला दिला, पण "चालू आहे साहेब, टेस्टिंग कशाला" हे त्याचं पालुपद काही संपेना आणि वर एकदा घेतला की परत नाही. मी म्हटलं बॅटरी आणा नाहीतर राहू द्या. शेवटी कुरकुरत आणली. बारा व्होल्ट दिले, पुढच्या काचेकडे तोंड असलेल्या सेन्सरवर अंगठा दाबून ठेवला आणि आरशाच्या बाजूने मोबाईलचा टॉर्च मारला, हळूहळू सगळी काच निळसर काळी झाली, टॉर्च काढल्यावर परत साफ. जुना घेताना एवढं बघाच, कारण मेलेला आरसा दिवसा अगदी नव्यासारखा दिसतो.

फिटिंगला वायरमनकडे गेलो. काचेला चिकटवलेला पाया आणि कपलर (वायर जोडायचा सॉकेट) दोन्ही माझ्या गाडीला जुळले, पण हे नशिबावर सोडू नका, आपल्या आरशाचे मागून फोटो काढून दुकानात न्या. आणि जुना काढताना खाली ओढायचा नाही, माझ्या गाडीत तो फिरवून निघतो, ओढला तर पुढची काच तडकेल आणि मग बसा बोंबलत. वायरमनने रिव्हर्सची वायर पण तपासून दिली, कारण रिव्हर्स पडला की आरसा आपोआप साफ व्हायला पाहिजे, नाहीतर रात्री पार्किंगमधे मागचं काही दिसत नाही.

रंगाचा मात्र घोळ आहे. ए-फोरचं कव्हर बदामी, माझं इंटेरिअर काळं. दोन्ही सेन्सरवर आणि काचेवर टेप लावून मॅट काळा स्प्रे मारला, लांबून ठीक दिसतं, जवळून कडेला बदामी रेघ दिसतेच.

काम कसं करतो म्हणाल तर एक नंबर. टीटीची सीट इतकी खाली असते की मागच्या फॉर्च्युनरचे लाईट थेट आरशातच येतात, रात्री मुंबई हायवेने कसारा घाटातून येताना आधी वैताग यायचा, आता मागे कोणी अप्पर लावून चिकटला तरी फरक पडत नाही. लिवरवाला साधा आरसा याहून स्वस्तात पडेल, पण तो दरवेळी हाताने पाडावा लागतो, मला तो उद्योग नको होता.

आरशाला पाचपैकी चार, दुकानाला अडीच. माल खरा आहे पण बिल मागितलं की शेठला ऐकू येत नाही.